चाचणीचीही चाचणी



'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या तासाला शिकला असालच. जे टिकत नाही, हाती लागत नाही, ते अळवावरचे पाणी. अर्थ पाठ झाला, वाक्यात उपयोग करून झाला, की आपण पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. पण विज्ञानाच्या तासाला कोणी उठून विचारतो का, की "गुरुजी, अळवावर पाणी टिकत का नाही?" हा प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलात, तर तुम्ही अळवाच्या वाफ्यातून निघून थेट दवाखान्यात पोहोचाल. आणि तेथून एका अशा प्रश्नापर्यंत, ज्यावर मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

अळूचे पान हातात घ्या. विदर्भात त्याला धोपा म्हणतात. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरत नाही. पाऱ्याच्या गोळीसारखा गोल राहतो आणि पान जरा कलते केले की घरंगळून जातो. भिंगातून पाहिले तरी पान गुळगुळीतच दिसेल. परंतु शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, की त्यावर बारीक बारीक उंचवटे आहेत आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक कण आहेत. हे उंचवटे मायक्रॉनमध्ये मोजायचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. थेंब या उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेला असतो. मधल्या फटींत हवा असते. म्हणजे थेंब पानावर बसलेला नसून बराचसा हवेवरच बसलेला असतो! कमळाच्या पानाचीही हीच युक्ती. जर्मनीतील बार्टलॉट आणि नाइनह्यूस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती १९९७ साली सविस्तर मांडली आणि त्यानंतर जगभर अशी पृष्ठे कृत्रिम रीतीने बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. देवापुढच्या निरांजनातील वात. तेल खाली आणि ज्योत वर. तरी तेल कोणी न ढकलता वर चढते. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटी त्याला वर ओढून घेतात. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितका द्रव जास्त उंच चढतो. एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे पंधरा सेंटिमीटर चढते. त्रिज्या दहापट कमी करा, उंची दहापट वाढेल.

एकीकडे थेंबाला दूर लोटणारे पान आणि दुसरीकडे द्रवाला ओढून घेणारी वात. द्रवाने कोठे जायचे आणि कोठे जायचे नाही, हे पृष्ठ ठरवते. मायक्रॉनच्या मापात पृष्ठ घडवता आले, तर पंप नको, नळी नको, वीज नको. द्रव आपोआप हव्या त्या वाटेने जाईल. गेल्या काही दशकांत माणसाने हे कौशल्य चांगलेच कमावले आहे. आणि त्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला आहे तो रोग ओळखणाऱ्या छोट्या छोट्या पट्ट्यांमध्ये.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हांला ते पारखता येईल. ही चाचणी गावात आली पाहिजे. परंतु गावात येणाऱ्या प्रत्येक चाचणीची आधी गावातच चाचणी झाली पाहिजे. हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोठे विज्ञान आहे, आणि त्यासाठी सेवाग्रामसारखी जागा शोधून सापडायची नाही.

कापूस बुडतो का?

वर्धा जिल्हा कापसाचा. तेव्हा सुरुवात कापसानेच करू. बोंडातून नुकताच वेचलेला, सरकी काढलेला कापूस चिमूटभर घ्या आणि भांडेभर पाण्यावर अलगद सोडा. तो तरंगत राहील. आता औषधांच्या दुकानातला, जखमेला लावायचा कापूस तसाच पाण्यावर सोडा. तो पाहता पाहता पाणी पिऊन खाली बसेल. दोन्ही कापूसच. मग फरक कशाचा?

कापसाचा तंतू साधारण बारा ते वीस मायक्रॉन रुंद असतो. तो जवळजवळ सगळा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजला पाणी आवडते. पण निसर्गाने तंतूवर मेणाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. एवढासा मेणाचा अंश पाण्याला दाराबाहेर उभा करतो. कारखान्यात कापूस क्षारात उकळून हा थर काढतात, आणि तोच कापूस पाणी शोषू लागतो. घरी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात थोडा कापूस अर्धा तास उकळा, स्वच्छ धुवा, वाळवा आणि पुन्हा पाण्यावर सोडून पाहा. उकळते पाणी आणि सोडा दोन्ही अंगावर उडू देऊ नका. जो फरक दिसेल तो वहीत लिहा. पदार्थ तोच ठेवून नुसते पृष्ठ बदलले, की वागणूक पार बदलते, हे तुम्ही स्वतः सिद्ध केलेले असेल.

कागदाचेही तसेच. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. टीपकागदावर शाई फुटते, वहीच्या कागदावर फुटत नाही. कारण लिहायच्या कागदाला खळ किंवा तत्सम काही लावून त्याच्या फटी आवरलेल्या असतात. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथे जे ग्रामोद्योग चालत, त्यांत हातकागदही होता. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ द्यायची, तो घोटायचा, हे त्या कारागिराचे रोजचे काम. त्याच्या तोंडी 'सूक्ष्म पृष्ठाचे अभियांत्रिकी शास्त्र' असले जड शब्द नव्हते. पण तो करीत होता ते हेच.

पट्टी कशी बोलते?

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा नाकातला स्राव घेऊन पंधरा मिनिटांत निकाल सांगणारी पट्टी घराघरांत माहीत झाली. एक रेघ उमटली तर सुटलो, दोन उमटल्या तर अडकलो, एवढे सर्वांना कळले. पण त्या पट्टीच्या पोटात काय चालते?

पट्टीच्या एका टोकाला थेंब टाकतात. तेथून तो केशाकर्षणाने पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. हे कण बहुधा चाळीस नॅनोमीटरच्या आसपास असतात, म्हणजे केसाच्या जाडीत असे सुमारे दोन हजार कण ओळीने बसतील. इतक्या बारीक मापात सोने पिवळे दिसत नाही, लाल दिसते. या कणांवर प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. कुलपाला जशी एकच किल्ली बसते, तसे प्रतिपिंड ठराविक पदार्थालाच धरते. थेंबात रोगजंतूचा तो पदार्थ असेल, तर लाल कण त्याला धरून पुढे निघतात. पुढे पांढऱ्या पडद्यावर एका आडव्या रेषेत दुसरी प्रतिपिंडे दबा धरून बसलेली असतात. ती त्या पदार्थाला पकडतात. लाखो लाल कण एका जागी अडकले, की डोळ्यांना लाल रेघ दिसते. त्यापुढची दुसरी रेघ थेंब शेवटपर्यंत पोहोचला याची साक्ष देते. ती उमटली नाही, तर पट्टीचे म्हणणे ऐकायचेच नाही.

तो पांढरा पडदा नायट्रोसेल्युलोजचा असतो. म्हणजे पुन्हा सेल्युलोजच. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून शोनबाइन या शास्त्रज्ञाने १८४६ मध्ये जो ज्वालाग्राही कापूस जगापुढे आणला, त्याचाच हा शांत भाऊबंद. तोफेच्या बिनधुराच्या दारूतही नायट्रोसेल्युलोज असते. आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे आणि सेवाग्रामला गांधीजींची कुटी आहे. एकाच पदार्थाचे दोन उपयोग एकाच जिल्ह्यात उभे राहून पाहता येतात. पदार्थाला स्वतःचे मत नसते. तो कशासाठी वापरायचा, हे माणसाने ठरवायचे असते.

थेंब पट्टीवर किती वेगाने सरकतो, यालाही नियम आहे. लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये तो मांडला: अंतर वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिला सेंटिमीटर पाच सेकंदांत गाठला असेल, तर दुसरा सेंटिमीटर संपायला सुरुवातीपासून वीस सेकंद, तिसरा संपायला पंचेचाळीस आणि चौथा संपायला ऐंशी सेकंद लागतील. टीपकागदाची पट्टी टेबलावर आडवी ठेवून, तिचे एक टोक रंगीत पाण्यात सोडून, घड्याळ लावून बघा. पडद्याची छिद्रे जराशी लहानमोठी झाली, की हा वेग बदलतो, आणि वेग बदलला की रेघेचा गडदपणा बदलतो. म्हणून पट्टी दिसायला स्वस्त असली, तरी तिच्या पडद्याचे विणकाम अत्यंत काटेकोर असावे लागते.

हल्ली साध्या कागदावरही अशी प्रयोगशाळा उभी करतात. २००७ साली अमेरिकेतील जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर पाणी अडवणाऱ्या पदार्थाच्या भिंती उभारून बारीक पाट तयार केले. लघवीचा एक थेंब त्या पाटांतून वेगवेगळ्या टोकांना जाई. एका टोकाला साखरेची आणि दुसऱ्या टोकाला प्रथिनाची परीक्षा होई. शेतात बांध घालून पाणी हव्या त्या सरीत वळवतात, तसेच हे. पुढे या भिंतींसाठी मेणही वापरले गेले. २०११ मध्ये बंगळूरच्या अचिरा लॅब्ज येथील संशोधकांनी तर रेशमाच्या धाग्यावर रसायने चढवून, हातमागावर विणून, कापडाचीच चाचणी-पट्टी बनवली. चरख्याच्या गावाजवळ राहणाऱ्या मुलांना ही बातमी विशेष आवडावी.

सेवाग्रामचा धडा

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी प्रथम शेगाव या खेड्यात आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातल्या लहानशा औषधोपचारातून कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागातले हे देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. येथे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्यांना एक गाव दत्तक दिले जाते. ते तेथल्या कुटुंबांत जातात आणि माणसांचे आजार त्यांच्या घरात पाहतात.

या संस्थेच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर्धा भागात हत्तीरोग जुना. या रोगाचे जंतू क्युलेक्स डासांमधून पसरतात, आणि त्यांची पिले रक्तात फिरतात ती प्रामुख्याने रात्री; साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. दिवसा रक्त तपासले तर बहुधा काहीच सापडत नाही. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना मध्यरात्री घरोघर जाऊन, माणसांना झोपेतून उठवून, बोटातून रक्त घ्यावे लागे. दिवसभर शेतात राबून झोपलेला माणूस यावर खूश होईल काय?

सेवाग्रामच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षे काम केले. जंतू दिसला नाही तरी त्याने रक्तात सोडलेला पदार्थ, किंवा त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, दिवसाच्या रक्तातही सापडू शकतात, हा त्यामागचा विचार. १९८०च्या दशकात त्यांनी यासाठी 'एलायझा' प्रकारच्या चाचण्या विकसित केल्या. त्यांत पेनिसिलिनेज नावाचे एन्झाइम वापरण्याची एक रीत होती. स्टार्च आणि आयोडीन एकत्र आले की निळा रंग येतो, हा प्रयोग तुम्ही बटाट्यावर केलाच आहे. पेनिसिलिनेज पेनिसिलिनचे विघटन करते आणि त्यातून झालेला पदार्थ आयोडीन ओढून घेतो. मग निळा रंग उडतो. रंग उडाला, याचा अर्थ हवा तो पदार्थ पकडला गेला. शाळेतल्या निळ्या रंगाचा केवढा हा उपयोग!

या उदाहरणातून मला एवढेच सांगायचे आहे: प्रश्न ज्यांच्या दारात होता, त्यांनी तो प्रयोगशाळेत नेला. रात्री उठावे लागणाऱ्या माणसाचा त्रास ज्याने पाहिला, त्यालाच दिवसा चालणाऱ्या चाचणीची किंमत कळते.

दुसरे उदाहरण अधिक साधे आहे. रक्तक्षय झाला, की माणूस फिका दिसतो. डॉक्टर डोळ्याची पापणी ओढून, जीभ, तळवे, नखे पाहून अंदाज करतात. ही पद्धत इतकी जुनी, की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मात्र ती तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळ्यांनी पाहिलेला फिकेपणा एका बाजूला आणि यंत्राने मोजलेले हिमोग्लोबिन दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. तीव्र रक्तक्षयाचा अंदाज घ्यायला फिकेपणाची काही मदत होते; पण दोन डॉक्टरांचे मत दर वेळी जुळतेच असे नाही, असे दिसले. चाचणीची चाचणी म्हणतात ती ही. यात कोणतेही झगमगीत यंत्र नाही. आहे तो प्रामाणिकपणा.

विळ्यासारख्या पेशी

आता आपल्या भागातल्या एका गंभीर प्रश्नाकडे वळू. विदर्भात, विशेषतः काही आदिवासी आणि इतर समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एक अमिनो आम्ल बदललेले असते; ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा बदलामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला असह्य वेदना होतात, रक्त कमी होते, वारंवार संसर्ग होतात.

१ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. सात कोटी माणसांना मोठ्या शहरातल्या यंत्रापर्यंत नेता येत नाही. चाचणीलाच त्यांच्यापर्यंत जावे लागते.

येथे कागद पुन्हा पुढे येतो. २०१३ साली अमेरिकेतील सर्गेई शेवकोप्ल्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर कल्पना मांडली. रक्ताच्या थेंबात असे द्रावण मिसळायचे, की पेशी फुटतील आणि ऑक्सिजन निघून जाईल. मग तो थेंब कागदावर सोडायचा. निरोगी हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते आणि कागदाच्या फटींतून द्रवाबरोबर चहूकडे पसरते. सिकलचे हिमोग्लोबिन मात्र धाग्यांचे गुंते बनवून मध्येच अडकते. डाग सुकला, की मध्यभागी गडद लाल ठिपका दिसतो. कागदाच्या फटी चाळणीचे काम करतात. शाई कागदावर कशी फुटते, ते पाहून रोगाचे निदान!

मग हा कागद उद्याच गावोगाव वाटून टाकावा काय? माझे उत्तर आहे: नाही. आधी तो येथे तपासावा. त्याची कारणे अशी.

पहिले कारण, माणसे. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन पुष्कळ असते. ते सिकलच्या धाग्यांना आवर घालते, म्हणून विरघळण्यावर आधारलेल्या चाचण्या तान्ह्या बाळांत फसू शकतात. मध्य भारतातल्या सिकल रुग्णांत हे हिमोग्लोबिन मोठेपणीही पुष्कळदा जास्त राहते. तेव्हा परदेशातल्या रक्तावर उत्तम चाललेली चाचणी आपल्या रक्तावर तशीच चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

दुसरे कारण, हवा. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि श्रावणात भिंतींनाही ओल येते. कित्येक पट्ट्यांच्या वेष्टनावर 'तीस अंशांखाली ठेवा', फार तर 'चाळीस अंशांखाली ठेवा', असे लिहिलेले असते. प्रतिपिंडे ही प्रथिने आहेत; उष्णतेने ती बिघडतात. कोरड्या हवेत कागदावरचा थेंब अर्ध्या वाटेतच सुकू लागतो. आशाताईंच्या पिशवीत, उन्हात उभ्या असलेल्या बसच्या टपावर त्या पट्टीचे काय होते, हे वातानुकूलित खोलीत बसून कळत नाही.

तिसरे कारण, डोळे. पुसट रेघ एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात फिका गुलाबी रंग ओळखणे कठीण. जी चाचणी वाचायला तज्ज्ञ लागतो, ती गावासाठी बनलेली नाही.

एक छोटे गणित

काही लोक म्हणतात, "थोडी चुकली तर चुकली. काहीच नसण्यापेक्षा स्वस्त चाचणी बरी." या मतात तथ्य आहे. यंत्र शंभर किलोमीटरवर आणि बसभाड्याला पैसे नाहीत, अशा माणसाला अचूक यंत्राचा उपयोग शून्य. तरीही हे गणित करून पाहा. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.

एका गावात १००० माणसे. त्यांतल्या १० जणांना एक रोग आहे. चाचणी रोग असलेल्या दहांपैकी नऊ जणांना ओळखते. रोग नसलेल्यांत ती शंभरात पाच वेळा चुकून 'आहे' म्हणते. ऐकायला चाचणी चांगली वाटते ना? आता मोजा. खरे रुग्ण सापडले ९. निरोगी ९९०, त्यांचे शेकडा पाच म्हणजे सुमारे ५०. म्हणजे 'रोग आहे' असे सांगितलेल्या ५९ जणांपैकी खरोखर रोग आहे तो फक्त नवांना. उरलेली पन्नास माणसे विनाकारण धास्तावली. आणि एक रुग्ण निर्धास्त घरी गेला!

म्हणून पट्टी ही चाळणी आहे, न्यायाधीश नव्हे. पट्टीत जो अडकला, त्याची खात्रीची तपासणी दुसऱ्या पद्धतीने व्हायलाच हवी. ती तपासणी कोठे होईल, किती दिवसांत होईल आणि तेथे जाण्याचा खर्च कोण करील, हे ठरवल्याशिवाय पट्ट्यांचे खोके उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिकलसेलमध्ये तर आणखी एक नाजूक बाब आहे. ज्याला आई किंवा बाप, एकाकडूनच सिकलचे जनुक मिळाले, तो वाहक. तो सहसा आजारी नसतो. तुमच्यासारखा धावतो, खेळतो, अभ्यास करतो. दोन्हींकडून मिळाले, तरच आजार. आईवडील दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि दोन्ही नसण्याची चारांत एक. हे ज्ञान लग्नाआधी उपयोगी पडावे, म्हणून तपासणी. पण वर्गात तपासणी झाली आणि निकाल चारचौघांत वाचून दाखवले, तर ज्ञानाचा शिक्का होतो. मुले चिडवतात. मुलीचे स्थळ मोडते. यात पट्टीचा दोष नाही. पण पट्टी बनवणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने हा विचार केला नाही, तर दोष त्यांचा आहे. तुमच्या शाळेत अशी तपासणी झाली आणि शेजारच्या मित्राच्या हाती बंद पाकीट आले, तर त्यात काय आहे, हे विचारू नका. तुमच्यापुरते विज्ञानाचे हे पहिले कर्तव्य समजा.

तुमचे काम

मला आणखी एका समजुतीशी भांडायचे आहे. खरे विज्ञान मोठ्या शहरातल्या, चकचकीत, धूळमुक्त दालनात होते आणि गावात होते ती फक्त त्याची अंमलबजावणी, अशी ती समजूत. पट्टीचा पडदा, सोन्याचे कण, प्रतिपिंडे यांना अशी दालने लागतात, हे खरे. मगनवाडीच्या हातकागदावर उद्या सिकलची चाचणी होईल, असा भाबडा दावा मी करणार नाही; हातकागदाच्या फटी एकसारख्या नसतात आणि चाचणीला एकसारखेपणा हवा. परंतु तो एकसारखा कसा करता येईल, किती एकसारखा पुरेल, उन्हात त्याचे काय होते, कोणत्या उजेडात रेघ वाचता येते, हे प्रश्नही शास्त्राचेच आहेत. त्यांची उत्तरे मिळतात ती मोजून आणि पुन्हा मोजून. त्यासाठी लागते ते घड्याळ, मोजपट्टी, तापमापक, वही आणि चुकीचे उत्तर आले तरी तेच लिहिण्याची हिंमत.

या सुटीत हा प्रयोग करा. टीपकागद, वर्तमानपत्राचा कागद, हातकागद आणि धुतलेल्या सुती कापडाची चिंधी, अशा चार सारख्या पट्ट्या कापा. प्रत्येकीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. रंगीत पाणी किती सेकंदांत कोठे पोहोचते ते लिहा. प्रत्येक पट्टीवर प्रयोग पाच वेळा करा. कारण एका वेळच्या आकड्यावर शहाणा माणूस विसंबत नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी करून पाहा. मग टीपकागदावर मेणखडूने जाड रेघांचा पाट काढा आणि रंगीत पाणी त्यातच राहते का, ते पाहा. पाणी बांध फोडून बाहेर आले, तर मेण कागदाच्या आतपर्यंत कसे उतरवता येईल, याचा विचार करा. पाच आकड्यांत फरक पडला, तर तो खोडू नका. तो का पडला, हे शोधणे म्हणजेच तुमचे संशोधन.

आणि पुढे केव्हा तरी तुमच्या गावात नव्या चाचणीचे खोके येईल. तेव्हा घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. नम्रपणे चार प्रश्न विचारा: ही चाचणी आमच्यासारख्या लोकांवर तपासली आहे का? आमच्या उन्हाळ्यात ती टिकते का? ती किती वेळा चुकते, आणि कोणत्या बाजूने? निकाल वाईट आला, तर उद्या सकाळी आम्ही कोठे जायचे?

हे चार प्रश्न विचारणारी मुले ज्या गावात असतील, त्या गावाला कोणी काहीही खपवू शकणार नाही. आणि त्या प्रश्नांची उत्तरे शोधायला त्यांतलीच काही मुले पुढे सेवाग्रामच्या रुग्णालयात, वर्ध्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत, किंवा आपल्या गावातल्याच आरोग्य केंद्रात उभी राहिली, तर रक्ताचा एक थेंब देणाऱ्या माणसाला त्याचे पुरते मोल मिळेल.